पापणीचा पॅच

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप आणि या आठवड्याचा विषय: डोळ्यांच्या वरच्या पापण्या. हसू नका, विषय वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

गेल्या काही महिन्यांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "वरच्या पापण्या उतरल्यासारख्या दिसतात रे, ऑपरेशन न करता काही होतं का?" तिघंही पस्तिशीच्या आसपास, तिघंही आयटीतले आणि तिघांनाही हा शोध लागला तो व्हिडिओ कॉलवर. २०२० पासून आपण रोज तासन् तास स्वतःचंच थोबाड बघत बसतो. तेही लॅपटॉपच्या त्या कॅमेऱ्यातून, जो खालून वर बघतो आणि धडधाकट माणसालाही झोपाळू दाखवतो. आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात आरशात जेवढं पाहिलं नसेल तेवढं आपण एका स्प्रिंटमध्ये पाहतो :-)

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आमच्या आत्याच्या डोळ्यांपायी गेलं वर्षभर या विषयात गळ्यापर्यंत बुडालोय, त्यामुळे मित्रमंडळींत मला 'पापणीतज्ज्ञ' ही पदवी फुकटात मिळाली आहे. आत्याचं पुढे सांगतो. आधी माझं मत सांगून टाकतो: ऑपरेशनशिवायचे उपाय आहेत, पण ज्यांची जाहिरात होते त्यांचा फरक थोडा आणि बहुतेकांचा थोड्या दिवसांचा असतो, आणि खऱ्या अडचणीत जे कामाला येतात त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

आता सविस्तर.

पहिली गोष्ट म्हणजे 'पापणी उतरली' हे निदान नाही, ती तक्रार आहे. एकाच तक्रारीमागे निदान तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एक, बग तीन.

एक, कातडी. पापणीची कातडी अख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वय, ऊन आणि डोळे चोळायची सवय यांनी ती सैल पडते आणि तिची घडी पापणीच्या कडेवर लोंबायला लागते. दोन, भुवई. कपाळाची पकड ढिली झाली की भुवईच खाली सरकते आणि सोबत सगळं खाली आणते. बिचाऱ्या पापणीचा यात काही दोष नसतो. तीन, पापणी उचलणारा स्नायू, म्हणजे लेव्हेटर. तो किंवा त्याचा पापणीला जोडणारा पट्टा ताणला, सैल झाला की पापणीची कडच खाली येते आणि बुबुळ झाकायला लागते. डॉक्टर याला टोसिस म्हणतात. वयाने होतं, वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याने होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काही जणांना होतं.

सुश्रुतसंहितेत फक्त पापण्यांचे २१ रोग वेगवेगळे मोजले आहेत. म्हणजे उपायाआधी प्रकार ओळखावा ही अक्कल या देशात फार जुनी आहे. आपण मात्र इन्स्टाग्रामवर एक रील बघतो आणि थेट उपायाकडे उडी मारतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर आरशासमोर उभे राहा, कपाळ सैल सोडा आणि समोर बघा. मग बोटाने भुवई हलकेच वर, मूळ जागी धरा. तक्रार गायब झाली तर भुवईचं प्रकरण. भुवई धरूनही घडी लोंबतेय, पण घडी उचलल्यावर पापणीची कड बुबुळाच्या वरच्या भागातच दिसतेय, म्हणजे कातडी. घडी उचलूनही कड खालीच असेल तर स्नायू. डॉक्टर हे मोजतात: डोळ्यावर टॉर्च मारला की मधोमध जो उजेडाचा ठिपका दिसतो, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण चार ते पाच मिलिमीटर असतं. दोनच्या आसपास आलं की वरचं दिसणं कमी व्हायला लागतं. हा घरचा अंदाज म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरसमोर बसण्याआधी डोकं साफ होतं.

आणखी एक चाचणी, बिनपैशाची. जुना अल्बम काढा. बारशाच्या, दहावीच्या, लग्नाच्या फोटोतही डोळे असेच असतील तर अभिनंदन, तुम्हाला काहीही झालेलं नाही. ते तुमच्या घराण्याचे डोळे आहेत. पणजोबांकडून आलेल्या फीचरला बग म्हणायचं कारण नाही.

आता बाजारात काय काय आहे ते बघू.

क्रीम, जेल, सीरम. कॅफिनवालं जेल किंवा थंड काकडी सूज तासाभरासाठी उतरवते, कारण सूज म्हणजे पाणी आणि पाणी हलतं. रेटिनॉइडमुळे बारीक सुरकुत्यांवर महिन्यांनी थोडा फरक पडतो, पण पापणीच्या पातळ कातडीला ते झोंबतं. लोंबणारी घडी मात्र कुठलंही क्रीम उचलत नाही. एरंडेल तेलही नाही. चेहऱ्याच्या व्यायामांबद्दल तर मला गंमतच वाटते: जी कातडी ताणल्यामुळे सैल झाली ती रोज ताणून घट्ट कशी व्हावी?

बोटॉक्स. याची कथा रंजक आहे. हे बोट्युलिनम नावाचं विष मुळात डोळ्यांसाठीच औषध म्हणून आलं. तिरळेपणावर आणि पापण्या सतत मिटण्याच्या विकारावर अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटांच्या कपाळावरच्या आठ्याही जातायत. तिथून २००२ मध्ये आठ्यांसाठी मान्यता आणि पुढचा सगळा धंदा. भुवईच्या बाबतीत युक्ती अशी की भुवई खाली ओढणारे स्नायू आणि वर ओढणारा कपाळाचा स्नायू यांच्यात कायम रस्सीखेच चालू असते. खाली ओढणाऱ्यांना झोपवलं की भुवईचं शेपूट एक-दोन मिलिमीटर वर जातं. भुवईमुळे तक्रार असेल तर हे खरंच दिसतं. पण टिकतं तीन-चार महिने. म्हणजे हा उपाय विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. ईएमआय आहे, फक्त शेवटचा हप्ता नाही.

आणि यातला खरा सापळा कोणी सांगत नाही. ज्यांच्या पापण्या जड झाल्यात ते नकळत दिवसभर कपाळाने भुवया वर धरून ठेवतात. आठ्या पडतात त्यामुळेच. अशा माणसाने "आठ्या घालवा" म्हणून कपाळात बोटॉक्स घेतलं तर तो आधारच झोपी जातो आणि भुवई आणखी खाली येते. औषध चुकून लेव्हेटरपर्यंत पसरलं तर पापणीच उतरते, ती काही आठवडे. प्रॉडक्शनमध्ये चुकीची सर्व्हिस बंद केल्यावर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रिक्वेन्सी. दोन्हीचं तत्त्व एकच: कातडीच्या आतल्या थरांना उष्णता द्यायची, म्हणजे कोलॅजन आकसतं आणि दोन-तीन महिन्यांत नवं तयार होतं. अल्ट्रासाउंडच्या अशा एका यंत्राला अमेरिकेत २००९ मध्ये भुवई उचलण्यासाठी मान्यता मिळाली. ते भुवईच्या वर चालवतात, डोळ्यावर नाही. फरक पुन्हा तोच, एखाद-दोन मिलिमीटर, आणि तोही प्रत्येकाला मिळेलच असं नाही. कातडी नुकतीच सैल पडू लागलेल्या चाळिशीच्या माणसाला समाधान वाटू शकतं. घडी पापणीवर टेकली असेल तर पैसे पाण्यात.

लेसर. कार्बन डायऑक्साइड लेसर वरचा थर भाजून काढतो, खालून नवी, थोडी घट्ट कातडी येते. पण लेसरच्या परिणामांबद्दलचे बरेचसे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर भाजल्यानंतर काळे डाग पडायची शक्यता जास्त, आणि ते महिनोन् महिने राहतात. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. तिथल्या उन्हात वावरणाऱ्याला "लेसरनंतर उन्हात जाऊ नका" म्हणणं म्हणजे माशाला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखं आहे. आणि लेसर करायचाच असेल तर डोळ्यावर धातूचं कवच बसवूनच, यात तडजोड नाही.

प्लाझ्मा पेन हा एक नवा प्रकार ब्युटी पार्लरपर्यंत पोचलाय. पेनासारख्या यंत्रातून ठिणगी पाडून पापणीवर ठिपके भाजतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये मान्यता नसलेल्या अशा पेनांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता. माझ्या पापणीच्या जवळ कोणी ठिणगी आणली तर मी पळ काढेन. फिलरबद्दलही एक वाक्य: डोळ्याच्या आसपास ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. क्वचित घडतं, पण घडलेलं आहे.

थेंब. हे मला सगळ्यात हुशार वाटलं. सर्दीत नाकात मारायच्या काही स्प्रेमध्ये ऑक्सिमेटाझोलिन असतं. त्याचेच ०.१ टक्क्याचे डोळ्यांचे थेंब अमेरिकेत २०२० मध्ये टोसिससाठी मान्य झाले. पापणीत म्युलरचा म्हणून एक छोटा स्नायू आहे, त्याला हे थेंब जागं करतात आणि पापणी मिलिमीटरभर वर जाते, काही तासांसाठी. पण हे स्नायूच्या तक्रारीसाठी, सैल कातडीसाठी नाही. आणि कृपा करून नाकाचा स्प्रे डोळ्यात मारू नका. आपल्याकडे हे करणारा कोणीतरी निघेलच म्हणून आधीच लिहून ठेवतो.

यादी वाचून लक्षात आलं असेल की एवढ्या सगळ्या यंत्रांचा हिशेब एक-दोन मिलिमीटरवर येऊन थांबतो. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याला तेवढं पुरेल कदाचित. ज्याला दिसतच नाही त्याचं काय?

इथे आत्याचं सांगतो. आत्या सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते. वय सत्तरीला टेकलेलं. आयुष्याची पन्नास वर्षं कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानात गेली, डोक्यावर पदर आणि डोळ्यावर ऊन. गॉगल हा प्रकार तिकडे नवरदेवाने घालायचा असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं, पण काही महिन्यांनी ती पुन्हा म्हणायला लागली, "दिसंना गेलंय." घरच्यांनी नंबर बदलून आणला. तरी तेच. देवासाठी कापसाच्या वाती वळताना मान मागे टाकून, हनुवटी वर करून बसायची. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. एकदा फोनवर म्हणाली, "डोळे उघडेच राहिना गेलेत रे बाळा, हातानं धरून ठेवावं वाटतंय."

यावर गावाचं उत्तर ठरलेलं: वय झालं. आमच्या मराठवाड्यात डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण पक्कं आहे. त्याला कारणही चांगलंच आहे. शिबिरांनी हजारो म्हाताऱ्यांना पुन्हा बघायला लावलं. पण त्यामुळे असं झालंय की मोतीबिंदू काढला की डोळ्याची फाइल बंद. काच साफ आहे, पण खिडकीवरचा पडदा अर्धा खाली आहे, हे बघायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

मग शहरातल्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. नाव घेत नाही. तिथे कोणी टॉर्च मारला नाही, अंतर मोजलं नाही. दहा मिनिटांत "स्किन टाइटनिंग"च्या सहा सिटिंगचं पॅकेज आणि एक चकचकीत माहितीपत्रक हातात. माहितीपत्रकावर तिशीची मॉडेल. आत्याने ते उलटसुलट करून बघितलं, हनुवटी वर करून अर्थातच, आणि विचारलं, "हिला काय झालंय?"

जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही छातीठोकपणे म्हणतो खरं, पण आम्हाला शेवटी पुणं गाठावं लागलं. तिथे ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापणी आणि डोळ्याभोवतीच्या भागाच्या डॉक्टरांनी तपासलं. दिसण्याच्या कक्षेची चाचणी दोनदा केली: एकदा पापणी जशी आहे तशी, एकदा पापणी चिकटपट्टीने वर धरून. दोन कागद शेजारी ठेवले. पहिल्यात वरचा बराचसा भाग काळा, दुसऱ्यात तो मोकळा. इतका स्वच्छ बिफोर-आफ्टर मी कुठल्या जाहिरातीत पाहिला नाही. निदान: स्नायूचा पट्टा ताणलेला, वर सैल कातडी. कायमचा उपाय ऑपरेशन, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आत्या म्हणाली, शुगर हलते, आता चाकू नको, बघू पुढे.

मग बिनऑपरेशनचं काय? तर चष्म्याच्या फ्रेमला आतून जोडलेली एक बारीक गोल तार, जी पापणी उचलून धरते. इंग्रजीत तिला टोसिस क्रच म्हणतात, म्हणजे पापणीची कुबडी. एका चष्मेवाल्याने ती तिच्याच फ्रेमला बसवून दिली. डोळा पूर्ण मिटत नाही म्हणून कोरडा पडतो, त्यासाठी ओलाव्याचे थेंब, आणि अधूनमधून चष्मा काढून विश्रांती. बस्स. लेसर नाही, सिटिंग नाही, हप्ता नाही. आत्या आता मान सरळ ठेवून वाती वळते आणि समोरच्या घरात कोण आलं-गेलं याचा रिपोर्टही देते.

मला या गोष्टीतून जे दिसलं ते असं. एकाच उतरलेल्या पापणीकडे आपण दोन चुकीच्या नजरांनी बघतो. शहरात ती सौंदर्याची समस्या असते, म्हणून विकली जाते. गावात ती वयाची खूण असते, म्हणून सोडून दिली जाते. दोन्हीकडे कोणी विचारत नाही की नेमकं काय उतरलंय आणि त्यामुळे दिसायचं किती कमी झालंय. ज्याला गरज नाही त्याला पॅकेज आणि ज्याला गरज आहे त्याला "वय झालं."

सुंदर दिसायची हौस वाईट, असं माझं अजिबात म्हणणं नाही. हौसेला मोल नाही असं आपल्यात म्हणतातच. तीन महिने टिकणाऱ्या भुवईसाठी तुम्हाला पैसे घालायचे असतील तर खुशाल घाला, केस रंगवण्याइतकंच ते तुमचं खाजगी आहे. फक्त ती हौस आहे हे स्वतःशी कबूल असावं, आणि सुई धरणारा हात शिकलेला असावा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावं लागलं की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे अशा उपचारांचं प्रशिक्षण नव्हे. असं सांगावं लागतं यातच सगळं आलं.

विम्याचं गणितही याच रेषेवर चालतं. नुसतं दिसणं बदलायचे उपचार आरोग्य विम्यातून वगळलेले असतात. आरोग्याला थेट धोका असून उपचार गरजेचा आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच दार थोडं उघडतं. म्हणून कक्षेच्या चाचणीचे ते दोन कागद जपून ठेवा.

आणि एक गोष्ट हौस, वय, विमा सगळ्याच्या वर. पापणी अचानक, एकाच बाजूची उतरली, सोबत जोराची डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या झाल्या तर गूगल करू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पापणी मिटायला येत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर तो मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असू शकतो. त्यावर औषधं आहेत. सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर एकेक फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, सेल्फीचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी अनेक जण दिवाळीला, उन्हाळ्यात ट्रॅव्हल्सने गावी जाता. जिंतूर असो, पाथरी असो, गंगाखेड असो. या वेळी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे एकदा नीट बघा. टीव्ही बघताना हनुवटी वर असते का? कपाळावर सदा आठ्या आणि भुवया ताणलेल्या? पेपर वाचताना एका हाताने पापणी धरतात का? तसं असेल तर "वय झालं" म्हणू नका. चिकटपट्टीचा एक तुकडा घ्या, कातडीला चालणारा, मेडिकलमध्ये मिळतो तो. पापणीची घडी दोन मिनिटं हलकेच वर धरा आणि विचारा, "आता कसं दिसतंय?"

उत्तर ऐका आणि मग डॉक्टरची वेळ घ्या. पॅच नंतर, आधी डिबगिंग.